भोयरकाकांची पांढरी रेघ

भोयरकाका फोटो काढताना श्वास घेत नाहीत, आणि आसपासच्या कुणाला घेऊही देत नाहीत. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवलेला असतो. स्टँडला खाली बसच्या पान्यांची जड पिशवी लटकवलेली असते, म्हणजे वारा सुटला तरी ते हलायचं नाही. तरीही बटण दाबलं रे दाबलं की काका ओरडतात, "श्वास धरा!" कडेला भुट्टे भाजणारी बाई धरते. पानठेल्यावरची गिऱ्हाइकं धरतात. एकदा तर एका अनोळखी माणसानं मोटरसायकल थांबवून, काय चाललंय हेही न विचारता, गाल फुगवले होते. तेवढा वेळ मी कॅमेऱ्याचं झाकण मुठीत धरून खाली मान घालून उभा असतो. मग सगळे श्वास सोडतात, माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "हे तुमचे कोण?"

काय सांगणार? घरमालक म्हणावं तर ते मला रोज संध्याकाळी जेवायला वाढतात. नातेवाईक म्हणावं तर माझं गाव इचलकरंजीच्या पलीकडे. नागपुरात माझं कुणी नाही. मी मान आणखी खाली घालतो.

नागपूरजवळ बुटीबोरीला ज्या गिरणीत मी कामाला आहे, तिथल्या कामगारांची बस काका चालवायचे. प्रताप नगरातून सकाळी निघायची, संध्याकाळी परत. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी मागांवरच आहे. माग कुठलाही द्या, घाबरत नाही. बाकी सगळ्याला घाबरतो. इथं आलो त्या पहिल्या दिवशी कुठं उतरायचं ते विचारायची लाज वाटली, म्हणून शेवटपर्यंत बसूनच राहिलो. बस रिकामी झाली. काकांनी आरशातून बघितलं.

"काहून गा, उतरत नाही? गाडी पसंत पडली का?"

मी इचलकरंजीहून आलोय, एवढंच सांगता आलं. त्यांनी काही विचारलंही नाही. घरामागची खोली उघडून दिली, ताटात भाकर आणि झुणका वाढला, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'इचलकरंजी' झालं. काकू वारल्यात, मुलगी चंद्रपूरला सासरी असते. घरात बोलायला भिंती आणि कॅमेरा. आता मीही.

कॅमेरा जुना, इतवारीतल्या एका दुकानातून घेतलेला. त्याचा सगळा मेनू कुठल्या तरी परक्या भाषेत होता. चिनी की जपानी, ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. काकांनी तो अक्षरांच्या आकारांवरून पाठ केला. "हे घरासारखं दिसते ना, ते दाब. मंग खाली खुर्चीवाणी हाय, ते." एकदा माझा अंगठा भलतीकडे पडला आणि मेनू इंग्रजीत झाला. मला वाटलं, बरं झालं. काका हादरले. "अबे, हे काय करून ठेवलं! आता मले काहीच समजून नाही राहिलं!" शेवटी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बोलावून तो परत परक्या भाषेत करून घेतला. तिनं विचारलं, "काका, इंग्रजी सोपं नाही का?" काका म्हणाले, "तुह्यासाठी असंल वं." मी दाराआड उभा होतो. इंग्रजी मलाही कुठं येत होतं? तरी मला बरं झालं वाटलं होतं.

फोटो काढायचे ते फक्त पळत्या गाड्यांच्या दिव्यांचे. गाडी दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात; येणाऱ्यांच्या पांढऱ्या, जाणाऱ्यांच्या लाल. नवीन माणूस भेटला की काका त्याला शिकवायलाच बसतात. "रात्री येऊ नोको. रात्री आभाळ डांबरावाणी होते. दिवेलागणीले ये, आभाळ निळं असते तवा. सरळ रस्ता घेऊ नोको, वळण पाह्य. फ्लॅश मारला तर मी ओळख देणार नाही." वाहनांचीही त्यांनी जात ठरवलेली आहे. ट्रक म्हणजे जाड रेघ, फोटोला वजन. स्कूटी म्हणजे शिवणाचा दोरा. कार बऱ्या, पण गर्विष्ठ. आणि ऑटो? "ऑटोचा भरवसा नाही बापा. त्याचा एकच डोळा, तोही मिचकावते."

या नादात आम्हा बसवाल्यांचे हाल. घरी परतताना एखाद्या वळणावर आभाळ निळं दिसलं की बसचं इंजिन 'तापायचं'. ऐन थंडीत, सगळे स्वेटर घालून बसलेले असताना तापायचं.

"काका, घरी लेकरं वाट पाहून राहिली!" पॅकिंगमधल्या वंदनाताई खिडकीतून ओरडायच्या.

"एक ट्रक येऊ दे वं."

"तुमचा ट्रक गेला खड्ड्यात!"

"खड्ड्यात गेला तर रेघ वाकडी येईल," काका शांतपणे म्हणायचे, आणि मला हाक मारायचे, "ए इचलकरंजी, असिस्टंट, उतर!" चाळीसएक माणसांच्या शिव्या पाठीवर घेऊन मी पान्यांची पिशवी उचलायचो. नाही म्हणायचं धाडस नव्हतं. ज्यांच्या घरची भाकर खातो त्यांना नाही कसं म्हणणार? आणि हो म्हणताना बसकडे बघवायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात बसच्या ठेकेदारानं नवी बस आणायचं ठरवलं. जुनी भंगारात जाणार होती. काकांचंही वय झालं होतं. दोघांची सुट्टी एकाच दिवशी. आठवड्यानं काका जेवताना एकदम म्हणाले, "इतक्या गाड्यांचे फोटो काढले गा. माह्या गाडीचा एक नाही."

"का?"

"मी आत असतो ना बे."

ठरलं असं. शेवटच्या फेरीला मी आधीच ऑटोनं जाऊन नाल्याच्या पुलाजवळच्या वळणावर कॅमेरा लावायचा. डाव्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून. बसचा उजेड दिसला की कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरचं बटण दाबून धरायचं, लाल दिवे निंबाच्या झाडामागे गेले की सोडायचं. बटण दाबलेलं असतं तोवर फोटो निघत राहतो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड रेघ. दुसरी संधी नाही. काकांनी मला चारचारदा बजावलं, "मी थांबणार नाही. काही झालं तरी थांबणार नाही. तू घाबरू नोको, मांगून ऑटोनं ये." वळणावर कुणी बस थांबवायची नाही, असा बसमधल्यांनाही दम दिला होता. वंदनाताईसुद्धा म्हणाल्या, "आभाळ निळं होईस्तोवर आज कितीबी उशीर होऊ द्या, काका."

मी कॅमेरा लावला, पिशवी लटकवली, सगळं तीनदा तपासलं. आभाळ निळं झालं. वळणाच्या पलीकडे उजेड हलला, इंजिनाचा ओळखीचा खोकला ऐकू आला, आणि मी बटण दाबलं. पांढरी रेघ माझ्या डोळ्यांदेखत ओढली जात होती. बस वळली, समोर आली, आणि थांबली.

अगदी कॅमेऱ्यासमोर. दार उघडलं.

"चढ," काका म्हणाले.

मी बटण दाबून तसाच उभा. आतून गलका झाला. "काका, थांबायचं नव्हतं!" "अहो, चला, चला!" "बोंबलला ना फोटो!" काका स्टेअरिंगवरून दाराकडे कलून माझ्याकडे बघत होते. जरा वेळानं त्यांच्या ध्यानात आलं.

"अबे हो," ते हळूच म्हणाले.

माझं बोट तेव्हा कुठं सुटलं. मी म्हटलं, मागे घ्या, पुन्हा काढू. काकांनी आभाळाकडे बघितलं, मग आरशात मागच्या लोकांकडे. "नाही गा. निळं गेलं. अन् याइले घरी जायचं हाय." मी स्टँड आणि पिशवी घेऊन चढलो. वंदनाताई म्हणाल्या, "तू झाडामागं लपायचं होतं ना बापा. एवढं मोठं माणूस रस्त्यात उभं दिसल्यावर ते थांबणारच." खरंच होतं. एवढे उपकार करणाऱ्या माणसानं जन्मात एक फोटो माझ्यावर सोपवला, आणि मी त्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहिलो. प्रताप नगर येईपर्यंत मी पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. कुणी मला काही बोललं नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

बस ठेकेदाराकडे लावून आम्ही चालत घरी आलो. काकांनी भाकरी टाकल्या. जेवून झाल्यावर चष्मा लावला आणि कॅमेरा माझ्याकडून मागून घेतला. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं. मी लपायला पाहिजे होतं."

"पाय आपोआप ब्रेकवर गेला गा," ते म्हणाले. "तू एकटा उभा दिसला."

मग पडद्यावर फोटो आला. उजवीकडून पांढरी रेघ येत होती, छान, जाड. मध्यावर ती संपत होती आणि तिथं चक्क बस उभी होती. थांबली होती म्हणून आली. खिडक्यांमधले सगळे चेहरे पुसलेले, कारण सगळे हातवारे करत ओरडत होते. पण उघड्या दारातून, आतल्या दिव्याच्या उजेडात, काका स्पष्ट दिसत होते. दाराकडे कललेले, एक हात पुढे केलेला.

काकांनी तो मोठा करून बघितला.

"मी असा वाकतो का बे?"

"होय, काका."

"रोज?"

"रोज. प्रत्येकाला चढवताना."

काका फोटो पुसतील म्हणून मी वाट बघत होतो. पुसायचं बटण कुठल्या आकाराचं ते मलाही पाठ होतं. पण त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

"हा तुह्या मायले पाठव."

"आईला? पण काका, यात मी कुठं आहे?"

काका उठले, माझं ताट त्यांच्या ताटावर ठेवलं आणि मोरीकडे जाता जाता म्हणाले, "कमाल करतो बे. मंग मी कोणाकडं पाहून राहिलो?"