माणिककाका आणि वरचं वजन

माणिककाका कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेर थांबायचे. आतून "या, या" होवो, पाण्याचा तांब्या पुढे येवो, घर लग्नाचं असो की मयताचं, काका चपला काढण्याआधी मान मागे टाकून छताकडे बघायचे आणि विचारायचे, "वर काय हाय?"

वर काही नसेल तर आत यायचे. माळा असेल आणि माळ्यावर गाद्या, हंडे, जुनी शिलाई मशीन असं काही असेल, तर दारातच बसायचे. दुमजली घर असेल तर अंगणातूनच ख्यालीखुशाली विचारून परत जायचे. आमच्या गल्लीत एका बंगल्याची वास्तुशांत झाली तेव्हा काकांनी जेवणाचं ताट हातात घेऊन रस्त्यावर उभ्याउभ्या पुरणपोळी खाल्ली. यजमान रुसले. काका म्हणाले, "पोळी झकास झाली. पण तुमच्या बोडक्यावर तुमी काय काय चढवून ठेवलंय ते बगा एकदा."

काका एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी लातूर-नांदेड रस्त्यावर गेली. त्या काळी गाडीच्या टपावर धान्याची पोती, सायकली, अर्धापूरच्या केळीचे घड असं सगळं जायचं, आणि काका खाली उभे राहून ओरडायचे, "बास! टपावर लई झालं!" त्यामुळे नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही, असं आम्ही सगळे समजत होतो. मीही समजत होतो. शेजारी राहून, शाळेत मास्तरकी करून, रोज माणसं वाचायचा आव आणून मला एवढंच समजलं होतं.

त्यांचं स्वतःचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. भिंतीला एकही फळी गुडघ्याच्या वर नाही. डबे जमिनीवर, भांडी जमिनीवर, देव जमिनीवर. पंखासुद्धा काढून टाकलेला. अनसूयाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "गुरुजी, वाकून वाकून माझा पार इळा झाला. ह्या माणसाला उंचावर मिठाची बरणीबी चालत न्हाई." काका स्वतः अंगणात बाजेवर झोपायचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही सगळेच महिना-दोन महिने बाहेर झोपलो होतो. थंडी पडली तसे एकेक करून आत गेलो. काका गेलेच नाहीत.

मग लातुरात शिकवण्यांची भरभराट झाली. गल्लीतल्या प्रत्येक घरावर मजला चढू लागला, मजल्यावर खोल्या, खोल्यांत परगावची पोरं. मीही पुढच्या दोन खोल्या मुलींना भाड्यानं दिल्या. मी काही वेगळा नव्हतो. एकदा हदगावहून एक गृहस्थ मुलीला सोडायला आले आणि तासभर तिला सांगत बसले, की आपल्या घराण्यात अजून कुणी डॉक्टर झालेलं नाही, आजोबांची इच्छा राहिली, तुझ्या चुलत्यांनी तुझ्यासाठी काय काय सोडलं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. कुंपणापलीकडून आवाज आला, "उतरवा साहेब, थोडं उतरवा. टपावर लई झालं." गृहस्थ चिडले. मुलगी मात्र त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मुलींच्या अभ्यासासाठी मी इन्व्हर्टर घेतला होता. भारनियमन असं होतं, की गल्लीत चालू टीव्ही असायचा तो फक्त आमचा. त्यामुळे रविवारी सकाळी अकराला आमच्या बैठकीत सभा भरायची. एका वाहिनीवर तेव्हा एक कार्यक्रम लागायचा. एक जुनं दगडी घर घेऊन त्याला आठवड्या-आठवड्यानं नवं रूप द्यायचे. घर तिकडे पश्चिमेला कुठल्याशा गावातलं होतं. मालकीण चाळिशीची, हसरी. निवेदक तिला ताई म्हणायचा, म्हणून आमची सगळी गल्ली तिला ताई म्हणू लागली. कार्यक्रमाच्या शेवटी तो सांगायचा, "आपलं मत पोस्टकार्डावर लिहून आम्हाला जरूर कळवा."

मतांना आमच्याकडे काय तोटा! मुळेवहिनींना स्वयंपाकघराचा रंग पटला नाही. समोरच्या कंपाउंडरचं म्हणणं, देवघराचं तोंड चुकलंय, ह्या बाईला पैसा टिकणार नाही. माझ्या बायकोला, मंजूला, सगळंच आवडायचं आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची. ते बघणं मला महागात पडणार हे मला कळत होतं.

माणिककाका दारात बसायचे. आमचं छत लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशीचं, वडिलांच्या वेळचं. वर मजला नाही, पण फरशीच जड, म्हणून उंबऱ्यापर्यंतच यायची तयारी असायची. पहिले तीन रविवार काका गप्प होते. चौथ्या रविवारी त्या घराच्या छतावर बाग करायचं ठरलं. मजूर घमेली भरभरून माती वर नेऊ लागले. मागे सनई वाजत होती. निवेदक म्हणाला, "आता ताईंच्या डोक्यावर फुलणार आहे एक हिरवं स्वप्न!"

काका उठले. चपलांसकट आत आले, सगळ्यांच्या अंगावरून टीव्हीपर्यंत गेले आणि पडद्यावर हात आपटला.

"आरं, माती कशाला चढवायलेत? जुनं घर हाय ते! उतरवा म्हणावं!"

सगळे हसले. मीही हसलो. "काका, त्यांना ऐकू जात नाही," मी म्हणालो.

"मग लिवा," काका म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं हाय. कार्ड काढा."

असं ते पत्रलेखन सुरू झालं. दर रविवारी एक कार्ड. काका सांगायचे, मी लिहायचो, आणि सांगितलं तसंच लिहायचं अशी सक्त ताकीद होती. पहिल्याच कार्डाच्या मायन्यावर आमचं वाजलं.

"ती. स्व. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार," काका म्हणाले.

"काका, ती तुमच्या मुलीच्या वयाची आहे. तिला आशीर्वाद लिहा. नमस्कार कसला?"

"लिवा म्हन्लो न्हं!"

मी लिहिलं. 'ती. स्व. ताईस, शि. सा. नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की वरची माती काढून टाक. जुन्या भिंती हायेत. त्या बोलत न्हाईत. गळलं तर गळू दे, खाली बादली ठेव. बादली ठेवून माणूस मरत न्हाई.' शाळेत मी हे कार्ड पाठ म्हणून दाखवलं आणि स्टाफरूममध्ये भरपूर हशा मिळवला. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

पाच कार्डं गेली. काका रोज पोस्टमनची वाट बघत फाटकापाशी उभे राहायचे. अखेर उत्तर आलं. आत एक छापील कागद होता, 'आपली सूचना आम्हाला खूप आवडली,' आणि सोबत भेट म्हणून झेंडूच्या बियांचं एक पाकीट.

काकांनी ते पाकीट उलटसुलट केलं. "म्हंजी वाचलं न्हाई कुनी," एवढंच बोलले आणि पाकीट आमच्या ओट्यावर ठेवून गेले. इतका हरलेला माणूस मी एसटी स्टँडवरसुद्धा पाहिलेला नव्हता.

ते पाकीट मंजूनं उचललं.

शनिवारी मी शाळेत असताना औसा रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीभर काळी माती ओतून गेला, आणि दोन मजुरांनी ती आमच्या छतावर नेऊन पसरली. मी घरी आलो तेव्हा मंजूचा चेहरा फुललेला होता. मला मातीची काळजी वाटली नाही. एवढ्यावर भागलं, वर मजला मागितला नाही, याचंच बरं वाटलं. "छान," मी म्हणालो आणि पेपर तपासायला बसलो.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला मागच्या अंगणात धप्प आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा. बाहेर येऊन बघतो तो छतावर माणिककाका. धोतर खोचलेलं, हातात घमेलं, सत्तरी ओलांडलेला माणूस ओंजळीनं माती भरत होता आणि कठड्यावरून खाली ओतत होता. शिडी त्यांनी स्वतःच लावली होती.

"काका! अहो हे काय करताय?"

घमेलं पुन्हा उपडं झालं. धप्प.

मंजू रडकुंडीला आली. "काका, माझी बाग आहे ती! आमचं घर आहे!"

"सूनबाई, बाजूला व्हा," वरून आवाज आला. "अंगावर पडंल."

गल्ली गोळा झाली. कंपाउंडर हसत होता. खाली माझी सगळी लिंबाची रोपं मातीखाली गेली होती, आणि माझा पारा चढला. मी ओरडलो, "डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या! एसटी सुटून पंधरा वर्षं झाली! दुसऱ्याच्या घरावर कंडक्टरकी कशाला करता? खाली उतरा, नाही तर पोलिसांना बोलावतो!"

काका थांबले. माझ्याकडे बघितलं. मग परत वाकून माती भरू लागले.

तेवढ्यात अनसूयाकाकू आल्या. आधी त्यांनी वर बघितलं, मग माझा हात धरून मला न्हाणीघराच्या आडोशाला नेलं.

"गुरुजी, काढू द्या," त्या म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या. त्यांना तितली माती काढता आली न्हाई."

"कुठली?"

"आमच्या वन्संच्या घरची."

काकांची बहीण भूकंपात गेली हे मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या वर्षी इतकी माणसं गेली, की कोण कसं गेलं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं, आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

आमच्या भागात जुन्या घरांना माळवद असायचं. लाकडावर काटक्या, काटक्यांवर मातीचा थर. ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दर वर्षी वर नवी पांढरी माती टाकायची. जुनी कुणी काढत नसे. आजा टाकायचा, बाप टाकायचा, लेक टाकायचा, आणि छत दर वर्षी थोडं जाड व्हायचं. सगळीकडे हेच चालायचं, आणि त्यात चूक आहे असं कुणाच्या मनात यायचं नाही.

"त्या सालच्या आधीच्या भाऊबीजेला ह्यांनी इचारलं, ताई, ओवाळणी काय घालू? त्या म्हन्ल्या, लुगडं नको, माझं छत लई गळतंय, तेवढं बगशील का. मग उन्हाळ्यात रजा काढून गेले. दोन बैलगाड्या माती आणली, सोता वर चढून पसरली, सोता पायानं तुडवली. घरी आले तर लई खूश. म्हन्ले, आता ताईच्या घरात थेंब येनार न्हाई." काकूंनी पदर तोंडाला लावला. "न्हाईच आला थेंब. तो पावसाळा ताईनं कोरडा काढला. गनपती बुडवून रात्री झोपल्या त्या झोपल्या. हे गेले तवा समदी मातीच हुती. हातानं उकरली दोन दिवस. मला म्हन्ले, वरचा थर माझाच हाय, मला रंग वळखू येतो."

मागून धप्प, धप्प चालूच होतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटलेली नाही.

मी कोठीतून दुसरं घमेलं घेतलं आणि शिडी चढलो. काकांनी मला वर येताना पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. थोड्या वेळानं खालून मंजूनं फावडं वर दिलं. काकूंनी तिला सांगितलं असावं. दुपारी दोनपर्यंत फरशी लख्ख झाली. काकांनी शेवटची धूळ हातानं गोळा केली, तीही खाली सोडली, आणि कठड्याला टेकून बसले.

"हितली निघाली," ते म्हणाले. "एका घरावरची निघाली, गुरुजी."

मला वाटलं होतं, आता सगळं शांत होईल. तसं झालं नाही. पुढच्या रविवारी कार्यक्रमाचा शेवटचा भाग लागला. त्या छतावर झेंडू फुलला होता. निवेदकानं विचारलं, "ताई, कसं वाटतंय?" ती हसून म्हणाली, "खूप छान. खाली इतकं गार झालंय, अगदी गाढ झोप लागते."

त्या दिवशी कुणी मत दिलं नाही. मुळेवहिनी चहाचा कप घेऊन तशाच बसून राहिल्या. काका दारात पडद्याकडे बघत होते. नावांच्या पाट्या सरकू लागल्या, गाणं वाजलं, संपलं.

"गुरुजी, कार्ड हाय का?"

होतं. मी पेन काढलं. सवयीनं आधी पत्ता लिहायला घेतला, वाहिनीचं नाव निम्मं लिहून झालं, तर काका म्हणाले, "तिकडं न्हाई." मग त्यांनी बहिणीच्या गावाचं नाव सांगितलं, जुन्या गावाचं. भूकंपानंतर गाव उठून लांब गेलं, जुन्या जागी आता बाभळीशिवाय काही नाही. मी लिहिलेलं खोडलं आणि खाली ते नाव लिहिलं.

"मायना तोच," काका म्हणाले, आणि छताकडे न बघता, चपला काढून, आमच्या घरात आत येऊन माझ्याशेजारी सतरंजीवर बसले. मग हळूहळू सांगू लागले.

'ती. स्व. ताईस, शि. सा. नमस्कार. यंदा भाऊबीजेला येतो. ओवाळणीत काही आणत न्हाई. घमेलं तेवढं घेऊन येतो.'

मी तसंच लिहिलं, आणि संध्याकाळी पेटीत टाकलं.