तौर सरांचा निळा फुगा

अख्ख्या कुंभार पिंपळगावच्या ओठांना थंडीत लागत नाही एवढं ग्लिसरीन आमचे शेजारी तौर सर महिन्याला आणतात. मेडिकलवाल्यानं एकदाच कारण विचारलं. सरांनी त्याला गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तासभर पाण्यातला भोवरा शिकवला.

सर विज्ञानाचे निवृत्त मास्तर. काचेच्या बरणीत ग्लिसरीनचं पाणी, तळाशी चकती, तिला जुन्या पंख्याची मोटर आणि वरून मधोमध सोडलेली निळीची धार. चकती फिरली की धार सुतासारखी खाली उतरते. वेग बेताचा वाढला की धार मध्येच फुगते आणि कांद्याएवढा निळा फुगा तिथल्या तिथं उभा राहतो. भोवती सगळं गरगरतंय, हा मात्र ढिम्म. एवढ्यासाठी शिकलासवरला माणूस वेडा झाला.

"बसा जरा, फुगा येऊनच राह्यलाय," म्हणत त्यांनी लग्नपत्रिका द्यायला आलेल्यांना अर्धा अर्धा तास डांबलंय. आता लोक पत्रिका फाटकात खोचून पळतात.

आम्ही बोअरची मोटर लावली की व्होल्टेज पडतं आणि सरांचा फुगा मोडतो. मग भिंतीपलीकडून हुकूम येतो, "तीन ते चार मोटर बंद म्हंजे बिलकुल बंद." भर मे महिन्यात आमची टाकी कोरडी आणि ह्यांचं संशोधन चालू. एका दुपारी मी भांडायलाच गेलो.

सरांच्या पत्नी, कमलकाकू, बरणीसमोर बसल्या होत्या. त्यांना विसरायला होतं हे गल्लीला ठाऊक होतं. किती, ते मला ठाऊक नव्हतं. सर जवळ येताच परक्यासमोर घ्यावा तसा त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

"भाऊ, आमचे हे शाळेतून आले न्हाईत अजून," त्या सरांनाच म्हणाल्या.

सर रेग्युलेटर फिरवत राहिले. धार फुगली, फुगा उभा राहिला. काकू एकटक बघत होत्या. पदर खांद्यावर घसरला.

"अवो, आला बघा तुमचा फुगा," त्या हसल्या. "जेवलात का?"

"जेवलो की," सर म्हणाले. मग हळूच माझ्याकडे वळले. "नोकरीभर निळीची धार हिनंच सोडली. फुगा असतो तेवढ्यापुरतं मला वळखती."

मला माझी लाज वाटली. मोटरीचं भांडण मी तिथंच सोडलं.

दोन मिनिटांत फुगा विरला. काकूंनी घाईनं पदर सावरला.

"बसा भाऊ, चहा टाकते."

"टाका," सर म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा निळीची बाटली उघडली.