शनिवारी डाळिंब नको

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणीही कुणाकडे फळं घेऊन जावं. पण शेजारच्या कांबळेसाहेबांकडे शनिवारी डाळिंब नेलंत, तर दारातूनच परत याल. "अहो वहिनी, पेरू आणा, चिकू आणा. डाळिंब सोमवारी." कारण विचारलं, तर निवृत्त सरकारी अधिकाऱ्याला शोभेल असं उत्तर मिळायचं, "कारण नोंदवलेलं नाही."

आता हा माणूस असा, की पार्किंगमध्ये कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधली, तर लिंबू सोडवून त्याचं सरबत करून पिणारा. त्याला कसला आलाय शनिवार? मला मोठं कोडं पडलं होतं.

दुसरी खोड म्हणजे काखेत कायम खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक. मी समजत होते, धम्माचा किंवा कायद्याचा ग्रंथ असेल. एकदा बागेतल्या बाकावर कव्हर निसटलं आणि आतून उघड्या छातीचा, काळ्या पंखांचा तरुण माझ्याकडे रोखून बघायला लागला.

"ग्रीक पुराण आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "हल्लीच्या मुलींसाठी नव्यानं लिहिलेलं. हा पाताळाचा राजा. वर्तणूक वाईट, जबडा चांगला."

या पुस्तकांचं वेड मुळात त्यांच्या नातीचं; तिचं नाव मित्रा. साहेबांच्या मुलाचा घटस्फोट झालेला. मित्रा आयटीतल्या आईजवळ हडपसरला राहायची आणि कोर्टानं ठरवून दिल्याप्रमाणे दर शनिवारी इकडे यायची. बाप शनिवारीही लॅपटॉपसमोर. पोरगी आपली कोपऱ्यात, कानात वायरी, नाकासमोर पुस्तक. साहेबांनी तिला "काय वाचतेस?" असं एकदाही विचारलं नाही. त्यांनी तेच पुस्तक स्वतःसाठी विकत आणलं, वाचलं आणि पुढच्या शनिवारी जाहीर केलं, "हा राजा मला मान्य नाही."

कानातल्या वायरी निघाल्या. तेव्हापासून दर शनिवारी भिंतीपलीकडून भांडण ऐकू यायचं.

"आबा, ही इज सो मिसअंडरस्टूड!"

"कसला मिसअंडरस्टूड? निलंबित करा त्याला!"

मग ज्येष्ठ नागरिक संघानं साहेबांना आवडत्या ग्रंथावर बोलायला बोलावलं. मंडळी तत्त्वज्ञान ऐकायच्या तयारीनं आलेली. साहेबांनी पाताळ उघडलं. राजा मुलीला पळवतो, तिची आई रागानं पृथ्वीवर पीकच उगवू देत नाही, शेवटी राजाला मुलगी सोडावी लागते. पण निघताना तो तिला डाळिंबाचे दाणे खायला देतो. पाताळात काही खाल्लं की तिथं परत जावंच लागतं. म्हणून मुलगी अर्धं वर्ष आईकडे, अर्धं त्याच्याकडे.

"नव्या लेखिका म्हणतात, हे प्रेम आहे. असेल," साहेब म्हणाले. "पण दाणे देताना त्यानं तिला नियम सांगितला होता का? माणसाला फसवून थांबवायचं नसतं."

मागच्या रांगेत एक आजोबा घोरत होते. माझं मात्र कोडं सुटलं होतं. लिंबाला न भिणारा हा माणूस, शनिवारी येणारी नात नकळत बांधली जाऊ नये म्हणून, डाळिंबालाही भीत होता. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

यंदा मित्राला अठरा वर्षं पूर्ण झाली. कोर्टाचे शनिवार संपले. निरोप देताना साहेबांनी तिला "ये" म्हटलं नाही. मी चिडले, "अहो, एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"नाही वहिनी. आता तिचं तिला ठरवू दे."

पुढच्या शनिवारी पोह्यांचं निमित्त करून मी गेले. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मांडीवर पुस्तक, पान उलटत नव्हतं. दुपार झाली. पोहे तसेच गार झाले.

बेल वाजली. दारात मित्रा, हातात हेल्मेट. ती थेट स्वयंपाकघरात गेली. सॅकमधून आणलेलं डाळिंब तिनं सोललं आणि बशी घेऊन आजोबांच्या समोर येऊन बसली. त्यांच्याकडे बघत तिनं मूठभर दाणे तोंडात टाकले.

"नियम माहितीये मला, आबा."

साहेबांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून उगाचच पुसला.

"सावकाश खा," ते म्हणाले. "ठसका लागेल."