‘पोले’ म्हणण्यास सक्त मनाई आहे

तुम्ही शब्द चोरलात. तोंडावर सांगतो, मागून कुजबुजत नाही. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत थंड हवा खात बसून तुम्ही लोकांच्या तोंडातला एक शब्द काढून घेतलात, त्याला किमतीची चिठ्ठी लावलीत आणि तोच त्यांना परत विकायला काढलात. तुमच्यापेक्षा पाकीटमार बरा, तो निदान पळून तरी जातो. तुम्ही जागचे हललासुद्धा नाहीत, आणि वर जिचं पाकीट मारलं त्या बाईवरच चोरीचा आळ घेतलात.

ती बाई म्हणजे सिस्टर बोसिबोरी. नैरोबीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात नर्स. आणि तो शब्द म्हणजे ‘पोले’.

नैरोबीत पोले म्हणायला कारण लागत नाही. कुणी ठेचकाळला, पोले. कुणाचा बाप गेला, पोले. बायको दिवसभर राबून घरी आली, पोले. चहात माशी पडली तरी शेजारचा पोले म्हणतो, आणि ती माशी काही त्याने सोडलेली नसते. ‘अरेरे’, ‘लागलं का रे’, ‘दमलीस गं’, या सगळ्यांचं काम हा दोन अक्षरी शब्द एकटा करत होता, आणि तेही बिनपगारी. इथेच त्याचं चुकलं. फुकट काम करणारं काही दिसलं की तुमचे डोळे दुखायला लागतात.

हे हॉस्पिटल पूर्वी मिशनच्या जोगिणींचं होतं. पत्र्याचं छप्पर होतं, पाऊस आला की डॉक्टरचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि तेच रोग्यांना आवडायचं. मग समुद्रापलीकडच्या मालकांनी ते विकत घेतलं. पत्रा गेला, संगमरवर आला. रोग्यांचे ‘पाहुणे’ झाले. वॉर्डाचा ‘विसावा कक्ष’ झाला. मेट्रनबाई ‘अनुभव समन्वयक’ झाल्या, पाय मात्र त्यांचे पूर्वीइतकेच सुजायचे. नर्सा निम्म्या केल्या, कारण पाहुण्यांना गर्दी आवडत नाही असं पाहणीत निघालं होतं.

वॉर्डात खिडकीपाशी म्झे वेकुलो होते. म्झे म्हणजे वडीलधारा, म्हातारबा. बुंगोमाचे, जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेले, फुफ्फुसं गेलेली पण जीभ शाबूत. पहिल्या दिवशी कुणीतरी ‘या पाहुणे’ म्हणालं तेव्हाच त्यांनी बोसिबोरीला गाठलं.

“सिस्टर, आपल्यात म्हण काय आहे? पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. मला कुदळ कधी देताय?”

“तिसऱ्या दिवशी बिल येतं ना म्झे. ते कुदळीपेक्षा जड असतं.”

म्हातारा खोकेपर्यंत हसला. त्यांची बायको, माई नासिमियू, थर्मासमधून उजी घेऊन यायची. बाजरीची पातळ पेज. बाहेरच्या अन्नाला बंदी होती, म्हणून बोसिबोरीने थर्मासवर ‘नमुना’ अशी चिठ्ठी चिकटवून दिली होती. नमुन्याला कुणी अडवत नसे.

सगळं घडलं त्या संगमरवरावरून. एक भेटायला आलेला माणूस ओल्या लादीवरून घसरला. बोसिबोरी धावली, त्याला उठवलं, “पोले, पोले साना” म्हणाली, खूप खूप पोले. माणसाने आभार मानले, धूळ झटकली आणि मटाटू, म्हणजे तिथली वडापची गाडी, पकडून घरी गेला. त्याची तक्रार नव्हती. तक्रार नाही ही बाब मालकांना फार चिंताजनक वाटली. समुद्रापलीकडच्या त्यांच्या कायदा विभागाने कॅमेऱ्यातलं बोलणं ऐकलं, शब्दकोश उघडला आणि त्यात पोलेचा अर्थ सापडला: क्षमस्व. जो क्षमा मागतो तो गुन्हा कबूल करतो. म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सा दिवसभर, गणवेशात, कॅमेऱ्यासमोर गुन्हे कबूल करत हिंडत होत्या.

आठवडा उलटायच्या आत ‘दायित्वसूचक सहानुभूतिदर्शक उद्गार (प्रतिबंध) धोरण’ लागू झालं. ते समजावून सांगायला व्यवस्थापक मिस्टर मुत्वीरी खाली उतरले. स्वतः मेरूच्या डोंगरातले. रांगताना पडले असतील तेव्हा आजीने पोले म्हटल्याशिवाय उठले नसतील.

“सर, माणूस पडला तर काय म्हणायचं?” बोसिबोरीने विचारलं.

“म्हणायचं, ‘आपल्या अनुभवाची नोंद घेण्यात आली आहे.’”

“तो खाली पडलेला असताना?”

“शक्यतो तेव्हाच. उठल्यावर पाहुणे निघून जातात.”

नफुला ही बोसिबोरीची जोडीदारीण, तोंडाने तिखट. ती म्हणाली, “आणि सर, नोंद कुठे घ्यायची?”

“घ्यायची नाही. घेण्यात आली आहे असं म्हणायचं.”

प्रत्येकीच्या छातीवर एक बिल्ला आला. बिल्ल्याला कान होते. पोले ऐकलं की तो लाल व्हायचा आणि शिट्टी मारायचा. तीनदा लाल, की घरी. आणि शहरातली निम्मी मोठी हॉस्पिटलं याच मालकांची, तेव्हा इथून घरी म्हणजे निम्म्या शहरातून घरी.

बोसिबोरीचा पहिला लाल नफुलामुळे झाला. नफुलाच्या बोटात सुई गेली आणि हिच्या तोंडून निसटलं. दुसरा तर हसू येईल असा. कपडे बदलताना बिल्ला हातातून निसटून लादीवर आपटला, ती पटकन वाकली आणि त्यालाच म्हणाली, “पोले!” बिल्ला उपकार विसरून लाल झाला.

“आता जीभ दाताखाली धर बाई,” नफुला म्हणाली. “नाहीतर माझ्यासारखं कर. खोकायचं.”

“खोकून काय होणार?”

“बघ की.” नफुला म्झेंच्या खाटेपाशी गेली, त्यांच्या सुजलेल्या हाताकडे बघितलं आणि मान वाकडी करून हळूच खोकली.

म्झे म्हणाले, “आसांते, पोरी.” आभारी आहे. रोग्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. ते आजारी असतात, कायदा विभागात नसतात.

दोन आठवड्यांत सगळा वॉर्ड खोकायला लागला. इंजेक्शन देताना एक खोकला, वाईट बातमी सांगताना दोन. मग संसर्ग विभागाला कळलं की नर्सांत खोकल्याची साथ आली आहे. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. धडधाकट नर्सा निरीक्षणाखाली घरी बसवल्या, पगार कापून. उरलेल्यांनी दुप्पट वॉर्ड सांभाळायचे. दुप्पट वॉर्ड सांभाळताना त्यांचं हसू गेलं, आणि फाटकापाशी जे तीन चेहऱ्यांचं यंत्र होतं, हसरा, मख्ख आणि रागावलेला, त्यावर पाहुणे मख्ख चेहरा दाबायला लागले. वर हाहाकार उडाला. पाहणी झाली. निष्कर्ष निघाला की पाहुण्यांना सहानुभूती हवी आहे.

आता मला सांगा, ज्याने विहीर बुजवली त्यालाच पाण्याचा टँकर चालवायचं कंत्राट मिळालं तर त्याला तुमच्यात काय म्हणतात? इथे त्याला ‘करुणा सेवा’ म्हणाले. साधी आणि विशेष. साध्या सेवेत एक प्रमाणित करुणा अधिकारी खाटेपाशी येऊन पोले म्हणणार. विशेष सेवेत खांद्यावर हातही ठेवणार. अधिकाऱ्याच्या पोलेला विम्याचं संरक्षण होतं, त्यामुळे त्याने ते कितीही वेळा म्हटलं तरी त्याचा काही अर्थ होत नसे.

“म्हणजे पोले पण आता मेन्यूवर?” म्झेंनी विचारलं. “सिस्टर, मला तुझंच घाल एखादं. फोडणीचं.”

बोसिबोरी खोकली. म्हातारा हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळेत, माई थर्मासचं झाकण उघडत असतानाच तो गेला.

माईने झाकण परत लावलं. नीट, आटे जुळवून. मग तिने बोसिबोरीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती वाट बघत होती. त्या देशात रडणं त्या शब्दाच्या मागून येतं. कुणीतरी पोले म्हणायचं, मग बांध फुटतो.

बोसिबोरीच्या तोंडात तो शब्द आला होता. बिल्ला छातीवर गरम लागत होता. खोकावं, तर साथीमुळे सक्तीचा झालेला मास्क तोंडावर, आणि दारात संसर्ग विभागाचा माणूस उभा. आणि तिने, त्या म्हाताऱ्याला रोज आंघोळ घालणाऱ्या बाईने, तोंड उघडून म्हटलं:

“माई, आपल्या अनुभवाची नोंद घेण्यात आली आहे.”

माई एक पाऊल मागे सरकली. दुसरं सरकली. भिंतीला पाठ टेकल्यावर हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे तुम्हीच मारलंत?”

तासाभरात हॉस्पिटलच्या आवारात वेकुलोंचे नातेवाईक गोळा झाले. शहरात जितके बुंगोमाचे होते तितके. पुढे माईचा दीर मकोखा, धिप्पाड, हातात प्लॅस्टिकची खुर्ची.

“आमच्या गावात मयत झालं आणि शेजारी पोले म्हणायला आला नाही, तर आम्ही त्याचं अंगण खणून बघतो,” तो गरजला. “हे एवढं मोठं हॉस्पिटल, एकाच्या तोंडून शब्द फुटत नाही! पोटात पाप नसेल तर तोंड का शिवलंय? वकील आणा रे! आणि कुदळ पण आणा!”

मिस्टर मुत्वीरींनी करुणा अधिकाऱ्याला फोन लावला. अधिकारी थिका रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. शिवाय म्झेंनी सेवा घेतलेली नव्हती, आणि मृत्यूनंतर ती सुरू करायची तर पाहुण्याची स्वतःची सही लागत होती. मुत्वीरी स्वतः पायऱ्यांवर आले, टाय सारखा केला आणि मोठ्याने म्हणाले, “आपल्या अनुभवाची नोंद...”

मकोखाने खुर्ची डोक्यावर उचलली.

तेवढ्यात बोसिबोरी पायऱ्या उतरून त्या घोळक्यात शिरली. तिने मास्क काढला. माई जमिनीवर थर्मास मांडीत घेऊन बसली होती, तिच्यासमोर गुडघे टेकले.

“पोले, माई.”

बिल्ला लाल झाला, कर्कश शिट्टी मारायला लागला.

“पोले. सकाळपासून तुझ्याच उजीची वाट बघत होते गं ते. पोले. मी घाबरले. मघाशी मी घाबरले म्हणून नाही म्हणाले. पोले साना.”

माईने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हंबरडा फोडला. शिट्टी वाजतच होती, पण त्या हंबरड्यापुढे तिला कोण विचारतो. मकोखाने खुर्ची खाली ठेवली, तिच्यावरच बसला आणि तोंड झाकून घेतलं. मागे पायऱ्यांवर नफुला खोकली. मग मेट्रनबाई खोकल्या. मग खिडक्याखिडक्यांतून सगळं हॉस्पिटल खोकलं.

संध्याकाळपर्यंत नातेवाईक म्झेंना घेऊन शांतपणे गेले. वकील आला नाही, कुदळही आली नाही. हॉस्पिटल वाचलं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी बोसिबोरीची चौकशी लागली.

काचेची खोली. काचेचं टेबल. पलीकडे मिस्टर मुत्वीरी, छातीवर त्यांचाही बिल्ला, कारण धोरण सर्वांना समान होतं.

“सिस्टर, आरोप बदललाय,” ते म्हणाले. “गुन्हा कबूल केल्याचा आरोप मागे घेतला. चोरीचा लावलाय.”

“मी काय चोरलं, सर?”

“करुणा. आमची नोंदणीकृत सेवा तुम्ही अनधिकृतपणे, गर्दीत, विनामूल्य वाटली. वर खांद्यावर डोकंही टेकू दिलंत. म्हणजे विशेष सेवा.”

“सर, तो शब्द माझ्या आईने शिकवला मला.”

“आईकडे परवाना होता?”

बोसिबोरीने त्यांच्याकडे बघितलं. माणूस थट्टा करत नव्हता. हेच त्या खोलीतलं सर्वांत भयंकर होतं.

“बरं,” ती म्हणाली. बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि झटक्यात उठली. काचेच्या टेबलाचा कोपरा तिच्या गुडघ्यावर असा बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

“पोले!” मुत्वीरी खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले. “पोले, सिस्टर! फार लागलं?”

त्यांचा बिल्ला लाल झाला. शिट्टी त्या लहानशा खोलीत फारच मोठी वाटली.

बोसिबोरी गुडघा चोळत उभी राहिली. “कबूल?”

“काय कबूल?”

“गुडघा तुम्ही फोडलात.”

“मी कुठे! मी तर इथे बसलो होतो! टेबलसुद्धा मी नाही ठेवलं...”

“मग पोले का म्हणालात, सर?”

बिल्ल्यावर हात दाबून मुत्वीरी तो आवाज बंद करू बघत होते, आणि तो बंद होत नव्हता. बोसिबोरी लंगडत निघाली. फाटकापाशी तीन चेहऱ्यांचं यंत्र होतं. सिस्टरांना ते दाबायची परवानगी नव्हती.

तुम्हाला होती. तुम्ही गेला होतात ना भेटायला, कुणाला तरी, अशाच एका चकचकीत हॉस्पिटलात? निघताना यंत्रासमोर थांबलात. सिस्टर हसली नाही, पाणी उशिरा आणलं, नुसती खोकत होती, असं मनात आलं आणि बोटाने मख्ख चेहरा दाबलात. ती किती खाटांमध्ये धावत होती ते बघितलंत? ती दमलेली दिसली तेव्हा तुमच्या तोंडून एक फुकटचा शब्द तरी निघाला? तुमच्या छातीवर तर बिल्लाही नव्हता.

काचेच्या खोलीतल्या साहेबांना विचारलंय, आणि तुम्हालाही विचारतोय. उत्तर द्या. नोंद घेण्यात आली आहे, असं मात्र म्हणू नका.