सेतुरामरावांचे उताणे बेडूक

सेतुरामरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या उजव्या हातात स्टॉपवॉच होतं आणि डाव्या तळहातावर एक बेडूक उताणा पडला होता. चारही पाय वर, पोट पांढुरकं, जावयाने जेवून आडवं व्हावं तसा. मी दारात बॅग घेऊन उभा. बँकेने मला सांगलीहून उचलून तंजावूरला टाकलं होतं. राजवाड्यामागची गल्ली, मराठी घरमालक, वरची खोली रिकामी, एवढ्या माहितीवर मी तिथे पोचलो होतो.

"बोलूं नका," ते कुजबुजले. "हलूंही नका."

मी हललो नाही. बॅग मात्र जड होत चालली होती. बऱ्याच वेळाने बेडकाने एक पाय ताणला, अंगाला झटका दिला आणि तो पालथा झाला. सेतुरामरावांनी बटण दाबलं, आत कुणाला तरी आकडा ओरडून सांगितला आणि मला नखशिखान्त न्याहाळलं.

"उत्तम! तुम्हीही हललां नाहीं. परका गांव, परकें घर, समोर बेडूक घेतलेला मनुष्य. पाय थिजले तुमचे. भय नव्हे सार, हार्मोन!"

'सार' म्हणजे सर, हा तिथला उच्चार. तुम्हीच हलू नका म्हणालात म्हणून मी उभा होतो, असं सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांनी तो ऐकला नाही. पुढे मी त्या घरात दोन वर्षं राहिलो. तेवढ्या काळात माझा एकही खुलासा त्यांनी ऐकला नाही.

खोली बघताना मी नळाला पाणी किती वेळ येतं, पंखा चालतो का, असं सगळं विचारून घेतलं होतं. बेडकांचं विचारायचं राहून गेलं. असल्या गोष्टी माणूस विचारत नाही आणि मग भोगतो.

सेतुरामराव एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी भाताच्या शेतातल्या माशांवर काम केलं. बेडूक मागाहून आले, कसे ते पुढे सांगतो. घराच्या परसात मोठ्या मातीच्या कुंड्या, त्यांत ओली माती आणि तीत खडबडीत पाठीचे ते बेडूक. तमिळमध्ये त्यांना तेरै म्हणतात. दर पंधरवड्याला जुने बेडूक जिथून आणले तिथे सोडून यायचे आणि नवे आणायचे. बेडकांना बदलीचा नियम होता, तो बँकेपेक्षा माणुसकीचा होता. जिथून उचललं तिथेच परत सोडत.

प्रयोग साधा. बेडकाला घाबरवायचं, अलगद उताणा करायचा, आणि तो किती वेळ निपचित पडून राहतो ते मोजायचं. घाबरवण्यासाठी जत्रेतून आणलेला एक रबरी साप होता. तो वापरून वापरून इतका झिजला होता की बेडूक त्याला ओळखीचं हसले असते. मग एके दिवशी दोरीवर वाळणारा माझा हिरवा टॉवेल नाहीसा झाला. चार दिवसांनी तो परसात, वळकटी करून, बेडकांसमोर सरपटताना सापडला.

"तुमच्या टावेलाचा परिणाम फार चांगला," सेतुरामराव कौतुकाने म्हणाले. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याच वस्तूबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं, म्हणून मी टॉवेल सोडून दिला.

संध्याकाळी चार ते सहा घरात कुकरची शिटी बंद. दार आपटायचं नाही. मोठ्याने शिंकायचं नाही. "तुम्ही शिंकलां कीं माझा बेडूक दोनदां घाबरतो. मग कोणत्या भयाचं मोजूं? माझ्या कीं तुमच्या?" मला सर्दी झाली की मी राजवाड्यापर्यंत चालत जाऊन शिंकून येत असे.

घाबरल्यावर अंगात एक हार्मोन वाढतं, त्याचं नाव कॉर्टिकोस्टेरॉन. ते बेडकाच्या कातडीतून थोडं थोडं पाण्यातही उतरतं. म्हणून प्रयोग झाला की बेडकाला स्वच्छ पाण्याच्या वाटीत बसवायचं आणि ते पाणी बाटलीत भरून, बर्फात ठेवून, चेन्नईच्या एका प्रयोगशाळेत जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवायचं. एकदा त्यांनी बाटल्या कुरियरवाल्याकडे द्यायला मला पाठवलं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, आत काय आहे? मी खरं बोलणारा माणूस. म्हणालो, बेडकांच्या अंघोळीचं पाणी. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहतच राहिली. घरी येऊन मी हे सांगितलं, तर सेतुरामराव हळहळले. "किती वेळ पाहत राहिली? मोजलं नाहीं? अय्यो, काय सार तुम्ही!"

त्यांच्या दृष्टीने सगळं तंजावूर उताणं पडलेलं होतं. टोकन नंबर पुकारल्यावर काउंटरसमोर गप्प उभा राहणारा खातेदार, बस अंगावर आली तरी रस्त्याच्या मध्ये थांबलेली म्हातारी, मुलगी बघायला गेल्यावर तोंड न उघडणारा नवरामुलगा. बघताक्षणी सेतुरामराव बोट रोखणार: "भय नव्हे, हार्मोन!" आमच्या शाखेत तपासणीसाठी वरिष्ठ आले आणि एका साध्या प्रश्नावर माझी वाचा बसली, हे मी मूर्खासारखं घरी बोलून गेलो. पुढचे आठ दिवस ते मला सकाळच्या कॉफीबरोबर विचारत, "आज वाचा आहे ना?"

आकडे लिहून घ्यायचं काम जानकीअक्कांकडे. त्या सेतुरामरावांच्या थोरल्या बहीण. जवळच्या पापनाशम गावाहून इथे भावाकडे येऊन राहिल्या त्याला बारा वर्षं झाली होती. सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या, नऊवारी नेसणाऱ्या. परसातल्या पायरीवर वही घेऊन बसत आणि सेतुरामराव सांगतील तो आकडा लिहीत. त्यांना बेडकांची किळस होती हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. तरी रोज बसत. बोलत मात्र जवळजवळ नसत. मला पाहिलं की मान हलवत, जेवणाचं ताट ठेवत आणि आत जात. मी काही विचारलं तर "हो" किंवा "नाहीं". मला वाटे, भावाच्या वाट्याला दोघांचं बोलणं आल्यावर बहिणीने काय करावं? बिचारीला घरात ठेवून घेतलं आणि बिनपगारी कारकून केलं, असंही मी मनात म्हणत असे. माझ्या मनाला तंजावूरमध्ये दुसरा उद्योग नव्हता.

तिथल्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सगळे एका लहानशा सभागृहात जमत. तिथे बहुतेक व्याख्यानं एकाच विषयावर होत: वक्त्याचे खापरपणजोबा तंजावूरच्या मराठी महाराजांच्या किती जवळ बसत असत. सगळ्यांचे पूर्वज महाराजांच्या इतके जवळ बसत की महाराजांना हात हलवायला जागा कशी राहत असेल, हा प्रश्न मला पडे. अशा ठिकाणी सेतुरामरावांनी जाहीर केलं की ते 'भीती आणि बेडूक' यावर बोलणार. पाटीवर विषय मराठीत होता, पण अक्षरं तमिळ होती, कारण देवनागरी वाचणारे तिथे आता मोजकेच.

मंडळी आली ती करमणुकीसाठी. मीही त्यासाठीच गेलो, खोटं कशाला सांगू? पहिल्या रांगेत आप्पाराव बसले होते, निवृत्त तहसीलदार, सेतुरामरावांचे चुलतभाऊ. दुसऱ्या रांगेत वही घेऊन अक्का. सेतुरामरावांनी स्टीलच्या डब्यातून बेडूक काढला, टेबलावरच्या ओल्या फडक्यावर उताणा केला आणि घड्याळ सुरू केलं. पोरं मोबाइल उचलून फोटो घेऊ लागली. मागून कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, याला आधी कॉफी पाजा. हशा झाला.

"तो मेला नाहीं," सेतुरामराव शांतपणे म्हणाले. "निजलाही नाहीं. त्यास सगळं दिसतं. सगळं ऐकूं येतं. तुम्ही हसलां तेंही. फक्त उठवत नाहीं."

आप्पारावांनी पाय पसरले. "म्हणजे काय रे सेतू, आपलें माणूस पाण्यांत बुडत असतां पायरीवर उभें राहून बघायचें, आणि मागाहून हार्मोन म्हणायचें. होय ना?"

दोघं-तिघं हसले. पण हसू पसरलं नाही. सगळं सभागृह एकदम कुठेतरी दुसरीकडे बघायला लागलं. मला काही कळेना. मी अक्कांकडे पाहिलं. पेन्सिल वहीवर टेकलेली होती आणि हात हलत नव्हता.

सेतुरामराव चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"आप्पा, तूं विचारलेंस तें बरें केलेंस. बारा वर्षें सगळे पाठीमागें बोललांत. आज समोर झालें." मग ते सगळ्यांकडे वळले. "पापनाशमला कालव्याच्या पायरीवर माझे भावजी, अक्काचे यजमान, पाय घसरून पडले. पाणी ओढीचें होतें. अक्का वरच्या पायरीवर होती. ती ओरडली नाहीं, हलली नाहीं. शेतांतले दोघे धांवत आले, उडी टाकली, त्यांच्याही हातीं लागले नाहींत. तें कुणी लक्षांत ठेवलें नाहीं. गांवानें लक्षांत ठेवलें तें एकच, बायको उभी राहून बघत होती. अक्काही तेंच म्हणते. मी उभी राहिलें, म्हणजे मीच मारलें. मी सांगायचों, अक्का, तुझा दोष नाहीं. ती ऐकायची नाहीं. भाऊ आहे, भाऊ असेंच बोलणार. म्हणून म्हटलें, जो खोटें बोलणार नाहीं असा साक्षीदार आणूं."

त्यांनी बेडकाकडे बोट दाखवलं.

"इतकीं वर्षें मी म्हणत आलों, भय नव्हे, हार्मोन. माझें चुकलें. हार्मोन रक्तांत चढायला मिनिटें लागतात. हा तर हात लागतांच थिजतो. म्हणजे हार्मोन पोचण्याच्या आधींच अंग थांबलें. मनाला विचारून थांबत नाहीं तें. कुणाचें प्रेम कमी म्हणून थांबत नाहीं. हार्मोन मागाहून येतें. बेडकाचें उतरतें, मी मोजलें आहे. माणसाचें कधीं उतरतें, तें मज ठाऊक नाहीं."

टेबलावर बेडूक केव्हा पालथा झाला आणि केव्हा उडी मारून अध्यक्षांसाठी आणलेल्या हारामागे जाऊन बसला, कुणी पाहिलं नाही. घड्याळ चालूच राहिलं. माझ्यासमोर त्यांची चुकलेली ती पहिली नोंद.

आप्पाराव उठले. मला वाटलं, निघून जातील. ते दुसऱ्या रांगेपाशी, अक्कांसमोर आले. हात जोडले आणि तसेच बाहेर गेले.

परतताना आम्ही तिघं एका रिक्षात. मध्ये अक्का, दोन्ही बाजूंना आम्ही. दुपारचं ऊन होतं आणि मोठ्या देवळाच्या रस्त्याला गाड्या अडल्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न बोलण्यात शहाणपणा दाखवला. दोन वर्षं मी या माणसावर मनात विनोद करत होतो, गावी फोन करून त्याच्या गमती सांगत होतो, नकला करत होतो. रोज संध्याकाळी तो बहिणीला पायरीवर बसवून काय लिहून घेत होता, ते मला कधी दिसलंच नाही.

"सेतू," अक्का म्हणाल्या. इतक्या हळू, की रिक्षाच्या आवाजात मला आधी भास वाटला. "त्यांनीं माझ्याकडे पाहिलें होतें रे. पाण्यांतून. मी हाका मारत होतें. मज वाटलें, मोठ्यानें मारत्यें. पण माझी मलाच ऐकूं येईना."

"ठाऊक आहे, अक्का."

"तुज कसें ठाऊक?"

सेतुरामरावांनी बहिणीचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि ते बाहेर बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात अक्का म्हणाल्या, पापनाशमला जायचं. बारा वर्षांत त्या बाजूच्या बसमध्येसुद्धा त्या चढल्या नव्हत्या. घर बघायचं होतं, शेजारणीला भेटायचं होतं. कालव्यावर जायचं की नाही, ते तिथे गेल्यावर ठरवणार होत्या. सकाळी मी दोघांना पोचवायला स्टँडवर गेलो. सेतुरामरावांच्या हातात नुसती पाण्याची बाटली होती, आणि ते मला सारखे विचारत होते, बसमध्ये फार गर्दी नाहीं ना, अक्काला उकडणार नाहीं ना. अक्का खिडकीशी बसल्या, सेतुरामराव त्यांच्या बाजूला, अर्धे सीटवर आणि अर्धे वाटेत.

बस हलली. मी हात वर केला आणि वळलो. तेवढ्यात मागून हाक आली. स्टँडवरचे दहा जण थांबून पाहायला लागले, इतकी खणखणीत.

"सार! अंबट वरण झांकून ठेवलें आहे! ऊन करून घ्या, गार जेवूं नका!"

खिडकीतून अक्कांचा हात बाहेर आला होता, आणि त्यांच्यामागे सेतुरामराव तोंडावर उपरणं धरून बसले होते.