सोललेल्या बटाट्याची शपथ

मिस्त्रींच्या पुढ्यात उकडलेला बटाटा होता आणि टेबलाभोवतीच्या बाकी तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. हे टेबल त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. दिवसभर कारखान्यात रंध्याशी आणि करवतीशी बोलून झालं, की संध्याकाळी माणसांशी बोलायची त्यांची ही एकच जागा. आता तिथेही बटाट्याशीच बोलायची वेळ आली होती.

सुरुवात झाली ती मानेपासून. आधी नुसती खाज, मग पाठभर गांधी. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ तपासण्या केल्या आणि शेवटी सांगितलं, "झाडं स्वतःच्या रक्षणासाठी काही रसायनं तयार करतात. फळांत, भाज्यांत, मसाल्यांत ती असतातच. बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. तुम्हाला ती झेपत नाहीत. तूर्त टोमॅटो, संत्री, द्राक्षं, मध, पुदिना, चहा, मसाले, सगळं बंद. बटाटा चालेल, पण साल जाड काढायची. आणि काही दिवस वॉर्निशच्या वासापासूनही लांब राहा, म्हणजे त्रास कशाचा ते नीट कळेल."

घरी ही बातमी पोचली तेव्हा थोरली बहीण भाजी निवडत होती. तिला सगळं घर ताईच म्हणे.

"जन्मभर झाडं कापलीस," ती म्हणाली. "आता त्यांनी सूड उगवला."

"मी कापली ती झाडं वेगळी. टोमॅटोचं मी काय घोडं मारलं होतं?"

"त्यांच्यात भाऊबंदकी असेल."

पण ताई मनाची हळवी. रात्रीच्या जेवणाला मिस्त्रींच्या ताटात पांढरा भात, पांढरा कोबी आणि पांढरा बटाटा बघून तिने हातातला घास खाली ठेवला. "घरातल्या एकाने हे गिळायचं आणि बाकीच्यांनी चापून खायचं? माझ्याच्याने होणार नाही. उद्यापासून सगळ्यांना हेच."

बायकोने लगेच मान डोलावली. कन्येचा चेहरा जरा उतरला, पण तिनेही डोलावली. मिस्त्रींना भरून आलं. असली शपथ घ्या असं ते कोणाला म्हणाले नव्हते, पण घेतली म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, हे खरं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे बटाटे त्यांनी स्वतः सोलले. सुताराचाच हात तो. साली इतक्या एकसारख्या निघाल्या, की टाकून देताना बायकोचा जीव खालीवर झाला.

आठवडाभर घराने निमूटपणे पांढरं खाल्लं. मग एकदा कन्या म्हणाली, "बाबा, ऑफिसात उशीर होतोय, तुम्ही जेवून घ्या." दोन दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, दुपारचंच अजून वर येतंय, तुम्ही बसा." मग ताईचं पोट जड झालं, ते रोजच जड व्हायला लागलं. ती ताट वाढायची, दोन मिनिटं समोर टेकायची आणि उठून जायची.

मिस्त्रींनी पहिल्यांदा मनाची समजूत घातली. मग त्यांना वाटायला लागलं, की आपलं ताट बघूनच यांची भूक मरते. पुढे वाटलं, ताट नव्हे, आपणच. हे वाटल्यावर त्यांनी बटाटा बाजूला सारला.

त्यातच खुर्ची करकरली. ताई टेकली आणि खुर्चीतून आवाज आला. त्यांच्या हातच्या खुर्चीने असा आवाज कधी काढला नव्हता. ताई गेल्यावर त्यांनी ती उलटी करून सगळे सांधे तपासले. सांधे मजबूत होते. म्हणजे वजन वाढलं होतं. मग त्यांचं लक्ष ताईच्या मनगटांकडे गेलं. बांगड्या रुतत होत्या. बायकोचे गालही वर आले होते. उपासमारीने अंगावर सूज चढते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले.

"माझी खाज राहू द्या. घरची माणसं माझ्यापायी अन्नाला मोताद झालीत. सुजलीत बिचारी."

"पण त्यांना कोणी बंद केलंय?"

"शपथ घेतलीय त्यांनी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "अहो, बंदी फक्त तुम्हाला होती, आणि तीही कायमची नव्हे. तुमच्या गांधी गेल्यात. आता एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघायचा. आज अर्धा टोमॅटो. मग दोन-तीन दिवस थांबायचं. आपल्याला किती झेपतं ते शोधायचं, बस. मापाचं काम आहे."

माप म्हटल्यावर मिस्त्रींना एकदम हुरूप आला. वाटेत त्यांनी एकच टोमॅटो घेतला आणि खिशात जपून ठेवला. आज सगळ्यांना टेबलावर बसवायचं, शपथ मोडून टाकायची आणि त्यांच्या देखत टोमॅटो कापायचा, असं त्यांनी ठरवलं.

घरात कोणीच नव्हतं. टेबलावर झाकलेलं ताट होतं. त्यांनी हाका मारल्या. मागच्या अंगणापलीकडे, वॉर्निशच्या वासापायी बंद ठेवलेल्या त्यांच्या कारखान्याच्या दाराखालून उजेड दिसत होता आणि त्याच फटीतून लसूण, मिरी आणि टोमॅटोचा दरवळ येत होता. आतून बायको हसत होती. तिला असं हसताना त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यांनी दार ढकललं.

कामाच्या बाकावर शेगडी होती, शेगडीवर टोमॅटोचा लालभडक रस्सा रटरटत होता. बायको संत्रं सोलत होती. ऑफिसात अडकलेली कन्या द्राक्षं खात होती. पोट जड झालेली ताई फळीवर उतरवलेलं दुसरं पातेलं भाकरीने पुसून घेत होती. तिघी जागच्या जागी थिजल्या.

मिस्त्रींनी वाकून पातेल्याखाली बघितलं. "ती अक्रोडाची फळी आहे," ते म्हणाले. "तिच्यावर गरम पातेलं ठेवलंत?"

बायकोने झटकन पातेलं उचललं. "अहो, तुमच्यासमोर खायला जीव होत नव्हता आणि तसलं खाऊन राहवत नव्हतं. वासानेही तुम्हाला त्रास होईल, म्हणून इथे..."

"वासाने मला काही होत नाही," मिस्त्री म्हणाले. "एकट्याने जेवल्याने होतं."

ताईने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने तोंडही पुसून घेतलं. मिस्त्री घरात गेले, आपलं पांढरं ताट घेऊन आले. बसायला चौथं स्टूल नव्हतं, म्हणून खिळ्यांचा खोका ओढला. खिशातून टोमॅटो काढला, मधोमध रेघ धरून कापला आणि अर्धा खाल्ला. तिघी श्वास रोखून त्यांच्या मानेकडे बघत होत्या.

मान स्वच्छ राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली.

गांधी उठल्या त्या ताईच्या अंगावर. इतक्या दिवसांचा रस्सा तिने एकदम वसूल केला होता, आणि शेवटी दोघं एकाच आईची लेकरं. डॉक्टरीणबाईंनी तिला तीच यादी सांगितली.

त्या संध्याकाळी सगळे टेबलावर होते. ताईच्या ताटात पांढरा भात, पांढरा कोबी, पांढरा बटाटा. मिस्त्रींनी स्वतः सोललेला, साल जाड काढून. त्यांनी घास खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "घरातल्या एकाने हे गिळायचं आणि बाकीच्यांनी—"

"खबरदार!" ताई ओरडली. तिने रश्श्याचं पातेलं स्वतःच्या हाताने त्यांच्यापुढे सरकवलं. "सगळ्यांनी खायचं. माझ्यासमोर बसून खायचं." मग ती भावजयीकडे वळली. "आणि अगं, आधी त्या कारखान्याला कुलूप लाव."