मेनॉमिनीच्या डोहात पडलेला टोप

वेंडेल क्रूगरने लग्नाचं विचारायला नदी निवडली, ही त्याची पहिली चूक. दुसरी त्याहून जुनी होती. डोक्यावरचे दाट तपकिरी केस आपले नाहीत, टोप आहे, हे त्याने व्हर्नाला ओळख झाल्यापासून सांगितलंच नव्हतं. तो साठी उलटलेला विधुर. ती शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची बाई. जुलैतल्या त्या सकाळी वाटाड्या गसची होडी मेनॉमिनी नदीच्या खडकाळ पाण्यातून अलगद उतरत होती आणि व्हर्ना पुढे उभी राहून गळ फेकत होती.

"साहेब, बाईंच्या पाठीशी जाऊ नका हं," गस वल्ही मारता मारता म्हणाला.

पण लग्नाचं काय लांबून ओरडून विचारायचं? वेंडेल सरकत सरकत तिच्या मागे पोचला आणि घसा खाकरून म्हणाला, "व्हर्ना, मला तुला..."

व्हर्नाने गळाची काठी सपकन मागे नेऊन पुढे झटकली. वेंडेलच्या डोक्याला एकदम गार वारा लागला. त्याने वर पाहिलं, तर त्याचे केस गळाला अडकून नदीवरून उडत निघाले होते! टोप खडकापलीकडच्या डोहात पडला आणि क्षणात एका दांडग्या बास माशाने त्यावर झडप घातली.

"लागला! अहो, लागला!" व्हर्ना किंचाळली. तिचं मागे लक्षच नव्हतं.

वेंडेलने हाताला लागेल ते डोक्यावर ओढलं. ती मासे उचलायची जाळी निघाली.

"दोरी काप," तो गसच्या कानाशी कुजबुजला.

"माझ्या बापाचे केस असते तरी कापली नसती, साहेब. बास बघा केवढा!"

माशाने उडी मारली. त्याच्या तोंडातून झुलपं लोंबत होती.

"गस, काय धरलंय रे त्याने?"

"पाणउंदीर असेल, बाई." गसने नजर पाण्यावरून हलवली नाही.

"मेलेला?"

"मरून बरेच दिवस झालेला."

"इतका काही जुना नाहीये!" वेंडेल दुखावून बोलून गेला.

मासा होडीजवळ आला. गस ओरडला, "साहेब, जाळी!" वेंडेल हलेना. तेव्हा कुठे व्हर्ना वळली. जाळीआड तुळतुळीत डोकं, पाण्यात ओळखीचे केस. तिने आळीपाळीने दोन्हींकडे पाहिलं. नदीने आपल्याला पोटात घ्यावं, असं वेंडेलला झालं.

"अहो, डोकं मग बघू," ती म्हणाली, "आधी जाळी काढा. मासा जाईल!"

वेंडेलनेच मग मासा जाळीत घेतला. एवढा बास गसनेही त्या उन्हाळ्यात पाहिला नव्हता. फोटो झाला, मासा पाण्यात परत गेला. टोपाच्या मात्र चिंध्या झाल्या होत्या. गसने त्या पिळून अदबीने मालकाच्या हातात ठेवल्या.

आता लपवायचं काय राहिलं होतं? वेंडेलने उघड्या डोक्याने विचारून टाकलं, "व्हर्ना, माझ्याशी लग्न करशील?"

व्हर्ना त्या चिंध्यांकडे टक लावून बघत होती.

"करते की," ती शेवटी म्हणाली. "पण खरं सांगा, असे घरी आणखी किती आहेत?"

"एकच," वेंडेल मान खाली घालून म्हणाला. "चर्चला जायचा."

व्हर्ना मागे वळली. "गस, येत्या शनिवारी होडी रिकामी आहे का रे? आमिष आम्हीच आणू."